नातवाला घेऊन विमानानं दिल्लीस

दिल्ली, ता. २४ मे १९४८

सांगली पेठेचे भूषण, गूळ-हळदीचे व्यापारी आणि एकाच खेपेत विमानविद्येत पारंगत झालेले आमचे जिवलग स्नेही कल्लाप्पा यांसी रहिमतपूरच्या लालासाहेबाचा जय जिनेंद्र व रामराम. आपला गुडघा कसा आहे? चंदनबालावहिनींचा खोकला थांबला का? पेठेत यंदा हळद बरी आली का? इकडे आम्ही सारे सुखरूप पोचलो. खुशाली इथं संपली. आता मला तुझ्याशी भांडायचं आहे, तेव्हा अहो-जाहो बंद करतो.

गड्या, तुझ्या पेढीवर बसून मी एवढंच बोललो होतो की आमचा मुलगा कृष्णात काश्मीरच्या लढाईत जखमी होऊन दिल्लीच्या लष्करी इस्पितळात पडलाय, त्यानं पोराचं तोंड अजून बघितलेलं नाही, म्हणून सुनेला आणि आठ महिन्यांच्या जोतिबाला घेऊन निघतोय. त्यावर तू म्हणालास, ह्या उन्हात दोन दिवस आगगाडीत तान्हं पोर भाजून निघेल, विमानानं जा, सकाळी बसलास की दुपारी दिल्ली, पोराला झोळीत निजल्यासारखं वाटेल. आणि मी हो-नाही म्हणायच्या आत तू मुंबईच्या अडत्याला तार ठोकलीस. (तू विमानात बसलास तेव्हा तुझ्या मांडीवर हळदीच्या नमुन्याची पिशवी होती. हळद रडत नाही.)

पहिला घोळ विमानतळावरच झाला. तिथं माणसांचं वजन करतात, हे तू का सांगितलं नाहीस? तुझ्या पेढीवर गुळाची ढेप ठेवावी तसं मला काट्यावर उभं केलं आणि एका कारकुनानं माझा आकडा चारचौघांत मोठ्यानं वाचला. मग म्हणाला, मूल ठेवा. अंजना पोराला छातीशी धरून मागं सरली. पोराचं वजन केलं की दृष्ट लागते, असं निघताना तिच्या सासूनं, आमच्या राहीबाईनं, तिला बजावलं होतं. कारकून ऐकेना, सून हलेना. आता तुला आमच्या घरची रीत ठाऊक आहे. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण सून माझ्याशी समोरासमोर बोलत नाही. ती पोराला सांगणार, "आजोबास्नी सांग, न्हाई म्हणावं," आणि पोर थुंकीचे बुडबुडे काढणार. शेवटी मायलेकरांना एकत्र काट्यावर चढवलं आणि काजळाचं बोट पोराच्या गालाला, कानाला आणि (गर्दीत हात चुकून) कारकुनाच्या बाहीलाही लागलं.

विमान जमिनीवर शेपटीवर बसलेलं असतं, त्यामुळं आत शिरल्यावर खुर्चीपर्यंत घाट चढावा लागतो. एका हातात तुपाचा डबा, दुसऱ्या हातात डिंकाच्या लाडवांचं गाठोडं, पुढं सून, तिच्या खांद्यावरून पोर माझ्या मिशा ओढतंय. खुर्चीत टेकल्याबरोबर तुझा शब्द प्रमाण मानून मी सुनेच्या जुन्या लुगड्याची झोळी सामानाच्या जाळीला बांधली. गाठ मी स्वतः मारली होती, पलटणीतली गाठ, पण विमानातल्या बाईनं ती सोडायला लावली आणि असं करता येत नाही हे मला तीन भाषांत समजावलं. मी पहिल्या लढाईत बसऱ्याला बोटीनं गेलेला माणूस. पण तेव्हा माझ्याबरोबर तीनशे शिपाई होते, त्यातला एकही आठ महिन्यांचा नव्हता.

विमान उडालं आणि जोतिबानं जो टाहो फोडला तो अहमदाबादेपर्यंत. इंजिनाचा आवाज एवढा की माणसं कानात कापूस घालून बसतात, पण आमचं पोर त्या इंजिनावर ताण करत होतं. खुळखुळा झाला, लाडू दाखवून झाला, शेजारच्या ओळीतल्या सरकारी साहेबाचा गळपट्टा चोखायला देऊन झाला (त्यानं तो दिला नव्हता, पोरानं घेतला). अहमदाबादेत उतरल्यावर गप्प झालं. पुन्हा उडालं, पुन्हा सुरू. उन्हानं विमान असं उसळत होतं की तुझा ओढ्यातला छकडा बरा.

दिल्ली जवळ आली, विमान खाली जायला लागलं, आणि पोराचे कान दुखायला लागले. ते निळं पडेस्तोवर रडलं. ती बाई येऊन म्हणाली, पाजा, म्हणजे कान मोकळे होतील. पाजायला सांगते, पण सासरा हाताच्या अंतरावर! मी उठायला गेलो तर पट्टा बांधून बसायचा हुकूम. पोराला श्वास घेता येईना. तेव्हा अंजनानं पदर सारला आणि तीन वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघून म्हणाली,

"मामंजी, तोंड तिकडं करा. पोराला पाजायचं हाय."

मी तोंड फिरवलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून डोक्यावरचा फेटा सोडला. एक टोक वरच्या जाळीला बांधलं, दुसरं पुढच्या खुर्चीला. झाला पडदा. त्यातला चार हात फेटा साहेबाच्या मांडीवर गेला, तो त्यानं मुकाट्यानं धरून ठेवला. पोर गप्प. सगळं विमान गप्प. आणि मी, लालासाहेब, बोडक्या डोक्यानं वीस परक्या माणसांत, त्या बाईनं दिलेल्या कागदी पिशवीत तोंड घालून सकाळची दशमी परत करत होतो. असा तुझा झोळीतला प्रवास.

इस्पितळात कृष्णात उशीला टेकून बसला होता. पोराला त्याच्या हातात दिलं, तसं परका माणूस बघून त्यानं पुन्हा गळा काढला. सगळ्या खोलीतले जवान बघायला लागले. कृष्णात हसला. कितीतरी वेळ हसला. म्हणाला, "आबा, ह्याचा आवाज परेडच्या कामाचा हाय." रडून रडून ते त्याच्याच छातीवर निजलं. दोन तास त्यानं हात हलवला नाही.

यापुढं तू कुणाला विमानाचा सल्ला दिलास तर मी पेढीवर येऊन सर्वांसमक्ष ही हकीकत सांगेन. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा (अजून तरी)
लालासाहेब

ता. क. तुझ्या अडत्याला सांगून पुढच्या महिन्यात दिल्लीहून मुंबईची विमानाची तिकिटं काढ. माझं, अंजनाचं, कृष्णातचं, आणि पोराचं काय ते. हसू नकोस. कारण खाली लिहितो.

ता. क. दुसरा. एवढं पानभर लिहिलं ते हे लिहायला हात धजत नव्हता म्हणून. कृष्णातचा डावा पाय गुडघ्याखाली काढलाय. तारेत नुसतं 'पायाला जखम' होतं. आगगाडीत त्याला दोन दिवस बसवणार नाही. राहीबाईला मी पत्र टाकलेलं नाही. तिचं पत्र मास्तर ओसरीवर मोठ्यानं वाचतात आणि अर्धी आळी ऐकायला बसते. तिला असं कळू नये. म्हणून तू रहिमतपूरला जा, वहिनींना बरोबर घेऊन जा. आधी सांग की तो जेवतो, हसतो, पोराला छातीवर घेऊन निजवतो. मग पायाचं सांग. ती काहीच बोलली नाही तर उठून येऊ नकोस. ती चुलीकडं जाऊन तुम्हाला चहा टाकेपर्यंत तिथंच बसून राहा.