विषमुक्त घर आणि बिनकल्हईचा टोप

३ नोव्हेंबर
आजपासून घर विषमुक्त. निर्णय झाला. चर्चा बंद.
कारण गार्गी. माझी नात, अडीच वर्षांची. आमची लेक सुरुची पुढच्या महिन्यापासून पुन्हा ऑफिसला जाणार. मग दिवसभर पोरीला सांभाळणार कोण? मी! दुसरं कोण? पण पोरीची छाती घरघरते. सुरुची म्हणते, बाबा, आधी घरातली हवा नीट करा, नाहीतर ती माटुंग्याला केतनच्या आईकडे राहील. माटुंग्याला! मी रिटायर झालो तो काय विहीणबाईंचे व्हिडिओ कॉल बघायला?

४ नोव्हेंबर
लालबागमध्ये राहून सगळंच विष काढता येत नाही. प्रायॉरिटी लावावी लागते. जन्मभर ऑफिसात तेच केलं. पहिलं प्लास्टिक. मग नॉनस्टिक. मग समोरच्या टॉवरच्या बांधकामाची धूळ. मग बाथरूममधल्या डांबरगोळ्या.
डॉक्टरने सुरुचीला सांगितलंय म्हणे, सगळ्यात आधी धूर बंद. कॉइल नको, धूप नको, खिडक्या उघड्या ठेवा. पोरसवदा डॉक्टर आहे. अहो, धूप नैसर्गिक! आजोबांपासून आमच्याकडे तिन्हीसांजेला लागतो. कुणी मेलं नाही. म्हणजे मेले, पण म्हातारे होऊन.
धूप शेवटच्या नंबरवर. बघू.

६ नोव्हेंबर
प्लास्टिकचे सगळे डबे भंगारात. दुर्गा एक अक्षर बोलली नाही. बायकोचा पाठिंबा असला की माणूस काहीही करू शकतो.
डाळी सध्या पेपरात बांधून ठेवल्यात.

७ नोव्हेंबर
उंदराला मसूर आवडते.

९ नोव्हेंबर, संध्याकाळ
टॉवरची धूळ येते म्हणून सगळ्या खिडक्या बंद करून फटींना टेप मारली. मग धूप लावला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. म्हणजे बघा, किती धूळ आत साचली होती! आणखी धूप घातला.

१२ नोव्हेंबर
नॉनस्टिक गेलं. माळ्यावरून आईचा पितळी टोप काढला. चिंचेने घासला. काय लखलखतोय!
दुर्गा म्हणाली, आतली कल्हई पार उडालीय, लावून आणा, नाहीतर आंबट कळकेल, पोटं बिघडतील. मी विचारलं, कल्हई म्हणजे काय? लेपच ना? नॉनस्टिकचाही लेपच. एक लेप हाकलून दुसरा घरात घेऊ? तिने कपाळावर हात मारला. पटलं तिला.

१६ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
आज सुरुची, जावईबापू केतन आणि गार्गी जेवायला. आजच दाखवतो विषमुक्त घर काय असतं ते. बांगड्याचं तिखलं, चांगली मूठभर आमसुलं घालून. मी स्वतः केलं. दुर्गा टोपाला हात लावायला तयार नाही. तुमका खूळ लागलाहा, म्हणाली. राग आला की ती मालवणीतच बोलते.
तिखलं टोपातच ठेवलंय. मुरलेलं बरं.

दुपार
जेवण झकास. केतनने विचारलं, चव जरा तुरट, धातूसारखी लागतेय का? म्हटलं, अस्सल चव अशीच असते, तुम्हाला सवय नाही. ओशाळून पुन्हा वाढून घेतलं बिचाऱ्याने. दुर्गाने नुसता दहीभात खाल्ला. उपास आहे म्हणे. दहीभाताचा उपास!
गार्गीसाठी सुरुचीने घरून मऊभात आणला होता. तोही प्लास्टिकच्या डब्यात! गुलाबी, झाकणावर ससा. मी सोडतो काय? सगळ्यांसमोर सुनावलं, माझ्या घरात हे विष पुन्हा आणायचं नाही.

संध्याकाळ
केतन बाथरूममध्ये. सुरुची मोरीत. माझ्याकडे बादली. ओकून ओकून आतडी पिळवटली. घरात ठणठणीत दोघीच, दुर्गा आणि गार्गी. पोरगी टाळ्या पिटत होती. तिला वाटलं खेळ चाललाय. मग धुपाने खोकायला लागली, तेव्हा दुर्गाने टेप फाडून खिडकी उघडली. मला न विचारता.
बांगडे शिळे असणार.

१७ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणाला, बिनकल्हईच्या पितळेत आंबट शिजवलं, तांबं उतरलं अन्नात. असेल. बांगड्यांची बाजू त्याने ऐकूनच घेतली नाही.

१८ नोव्हेंबर
सुरुचीचा फोन. ओरडली असती तर भांडलो असतो. शांतपणे बोलली. गार्गी माटुंग्याला राहील. बाबा, प्लास्टिक काढा असं कोण म्हणालं होतं? फक्त धूर बंद करायचा होता.
यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. रेंज नव्हती.

१ डिसेंबर, सोमवार
विहीणबाईंनी फोटो पाठवला. गार्गी खिडकीपाशी बसून केळं खातेय. खिडकी सताड उघडी. किती धूळ येत असेल! तसा मेसेज टाईप केला. पाठवला नाही. फोटो तेवढा पुन्हा पुन्हा बघितला.
उरलेली टेप काढून टाकली. तशीही सुटत होती.
संध्याकाळी धूप लावला नाही. काडेपेटी सापडली नाही. दुर्गा म्हणाली, तुमच्या हातातच आहे.
तो गुलाबी डबा इथेच राहिलाय. दुर्गाने विचारलं, देऊ भंगारात? मी तो तिच्याकडून ओढून घेतला. धुतला, पुसला, देवाच्या फळीवर ठेवला. प्लास्टिकबद्दलचं माझं मत तसूभरही बदललेलं नाही. पण पोर आली, तर मऊभात कशात देणार?