झटक्याचा स्टँड

३ फेब्रु.
ह्यांचा उजवा हात ट्रकच्या अपघातात लुळा पडल्यापासून आज पहिल्यांदा धरणाच्या पाण्यावर गेलो. टेंभुर्णीहून मासे धरायचा स्टँड आणलाय. काठी वाकवून खटक्यात अडकवायची. माशानं दोरा ओढला की खटका सुटतो, स्प्रिंग काठी वर फेकते, गळ जबड्यात बसतो. माणसाचा हात लागत नाही. पहिलाच झटका असा, की चिलापी पाण्याबाहेर उडाली न् परत आत पडली. गळाला नुसता फाटका ओठ. हे खदाखदा हसले. किती दिवसांनी. गळावरचा ओठ मी सोडवला.

४ फेब्रु.
स्प्रिंगचा नट सैल केला. दोन हात लागतात, म्हणून काम माझं. जास्तच सैल झाला. मासे गळाची कणीक खाऊन पसार. ह्यांनी दगड घेऊन स्टँडलाच हाणला. "ह्यो बी माझ्यासारखाच, नावाला!" मी आवरायला गेले तर ढकललं. कोपर सोलवटलं.

७ फेब्रु.
नट थोडा आवळला, खटका हलका धरला. जमलं! चिलापी, चिलापी, मग रोहू. रोहूचं डोकं ह्यांनी दगडावर आपटलं. थांबेचनात. "अवो, मेला तो कवाच." तरी आपटतच होते. साडीवर रक्त.

१० फेब्रु.
शेजारच्या वस्तीवरचा दत्तू आला. गळ टाकायची ही जागा त्याच्या बापापासूनची म्हणे. "एका हाताच्या मानसानं घरी बसावं की!" लाथेनं स्टँड पाण्यात. हे उठले तर कानफटात दिली. चिखलात पडले, लुळा हात अंगाखाली. मी दत्तूच्या दंडाला चावले, रक्त येईस्तोवर. त्यानं माझे केस धरून
नको. पुढचं लिहवत नाही.

११ फेब्रु.
हे जेवले नाहीत. दुपारी पाण्यातून काढलेला स्टँड पुढ्यात. "धर." मी धरला, त्यांनी डाव्या हातानं पाना फिरवला.
"चिलापीला एवढा ताण नको."
"मोठा कटला हाय तितं."
मी पायानं दाबून धरला. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत फटी पडल्या, तरी फिरवतच होते.

१२ फेब्रु.
सकाळी स्टँड लावून आम्ही बाभळीखाली बसलो. दत्तू आला. ह्यांनी हाक मारली नाही. मीही नाही. स्टँड उपटायला तो वाकला न् काठी सपकन तोंडावर. टोकाची लोखंडी कडी डोळ्यात. तसं ओरडणं मी कधी ऐकलं नव्हतं. धावले, पदर दाबून धरला, बोटांतून रक्त येतच होतं. हे जागचे हलले नाहीत.

१४ फेब्रु.
दत्तूला सोलापूरला नेलंय. डोळा गेला. जेवताना हे एकदम म्हणाले, "कटल्यासाठीच ताणली व्हती." मी विचारलं नव्हतं.

१७ फेब्रु.
दत्तूची बायको आली. अनवाणी. "दीर कोयते घिऊन बसलेत. मीच म्हनलं, आदी इचारून येते. स्प्रिंग कुनी आवळली, ताई?"
आतून हे ओरडले, "म्या! एकट्यानं!"
"आमी दोगांनी," मी म्हटलं.
ती बघत राहिली. "मुद्दाम?"
पाणी दिलं, प्यायली. अंगणात बसून आहे. हे आतून कडी लावून बसलेत. मला तिच्याकडे जायचंय, आणि "व्हय, मुद्दाम" म्हणायचंय.