आत शिरताना उजव्या हाताची खाच

मी, उंदीर सुताराची विधवा, वय वर्षे एकाहत्तर, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नसते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याआधीचे मृत्युपत्र मी रद्द करते. ते वकिलाने लिहिले होते आणि त्यात मी कुठेच नव्हते.

उंदीर हे नाव माझ्या पतीला लोकांनी दिले. ते कसे पडले हे सांगितल्याशिवाय मी कोणाला काय देते आणि का, ते कळायचे नाही. म्हणून आधी तेवढे.

ह्यांचे पणजोबा जहाजातून या देशात आले. येताना त्यांनी लाकूड कोरायची एक पटाशी आणली आणि एक सवय. दाराची चौकट बसवली की आत शिरताना उजव्या हाताला, कमरेच्या थोडे वर, लाकडात खाच पाडायची. दोन बोटे रुंद, अंगठ्याच्या पेराएवढी खोल. कशासाठी, ते त्यांनी कोणाला सांगितलेही असेल. सांगणारे गेले, खाच राहिली. तसेच एक बोलणे राहिले. घरातून कोणी बाहेर पडले की सासूबाई "सांभाळून जा" म्हणत नसत, "दोरी धरून ये" म्हणत. दोरी कोणाच्याच हातात नसे. मी नवी नवरी असताना एकदा खरोखरच दोरी शोधू लागले होते. सासूबाई हसल्या नाहीत. "अगं, म्हणायचं असतं," एवढेच म्हणाल्या.

ह्यांनी जन्मभर प्रत्येक चौकटीला खाच पाडली. गिऱ्हाईक म्हणे, "काय हो, उंदराने कुरतडलंय का?" हे म्हणत, "हो. त्याची मजुरी लावलेली नाही."

मग शाळेच्या नव्या इमारतीचे काम आले. चाळीस दारे, ह्यांना आणि माझ्या धाकट्या दिराला मिळून. इंजिनिअर म्हणाला, खाच म्हणजे दोष, एकही चालणार नाही. हे म्हणाले, मग दारे दुसरीकडून घ्या. त्यावर दीर भर कारखान्यात, सगळ्या कामगारांसमोर ओरडला, "दादा, वेड लागलंय तुला! कशासाठी पाडतोस ते तरी सांगता येतं का?"

"नाही येत," हे म्हणाले. "पण ज्याने पहिली पाडली, त्याला येत होतं."

दिराने वेगळे दुकान थाटले आणि चाळीसच्या चाळीस दारे गुळगुळीत करून दिली. त्यानंतर बावीस वर्षे ह्यांनी एकट्याने काम केले. चौकटीचे दुसरे टोक मी धरत असे.

ह्यांना जाऊन पाच वर्षे झाली. शेवटच्या आठवड्यात अंथरुणातून दाराकडे बघत म्हणाले, "खाच उगीचच असेल का गं?" असे त्यांनी याआधी कधी विचारले नव्हते. त्याचे उत्तर आणायला मी गेले, आणि घेऊन आले. आता वाटणी.

एक. हे घर, खालच्या कारखान्यासकट, माझ्या मुलीचे. तिने विकले तरी माझी हरकत नाही; भिंतींचा मला लळा नाही. मात्र पुढच्या दाराची चौकट विक्रीत धरू नये. ती उखडून तिने बरोबर न्यावी, आणि राहील तिथे बसवावी. जावई म्हणतील, "फ्लॅटला बसणार कशी?" बसवता येते. सुताराला विचारावे.

दोन. माझी सगळी पुस्तके आणि बँकेत जे काही असेल ते आमच्या रस्त्याच्या टोकाच्या वाचनालयाला. मी शाळेत गेलेले नाही. मुलगी पहिलीत गेली तेव्हा तिच्या पुस्तकांवर मीही पहिलीत गेले. ती दुसरीत पोचली तोवर मी तिसरीत होते. पुढचे सगळे या वाचनालयाने केले. तिथल्या ग्रंथपाल बाईंनी मला नकाशांचे मोठे पुस्तक घरी नेऊ दिले, जे कोणालाच देत नाहीत. त्यात मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. खोडल्या, पण दिसतात. त्याबद्दल क्षमा मागते आणि नवे पुस्तक घ्यावे असे सांगते. खुणांचे जुने पुस्तक मात्र फेकू नये.

पणजोबांच्या गावाचे नाव आमच्याकडे एका पिवळ्या कागदावर होते. नकाशात त्या नावाची तीन गावे निघाली. एक बंदर, एक सपाटीवर, एक डोंगरातल्या तळ्याकाठी. दिराने केव्हाच बंदर ठरवून टाकले होते. त्याच्या दिवाणखान्यात शिडांच्या जहाजांचे हे एवढे चित्र आहे. "दोरी म्हणजे जहाजाची, वहिनी," तो म्हणे. "आपण दर्यावर्दी माणसं." मी म्हटले, "भाऊजी, दर्यावर्दी माणसं सुतारकी का करत बसली?" तो म्हणाला, "तुम्ही पुस्तकं वाचून शेफारलात." तेही खरे होते.

भूगोलाच्या एका पुस्तकात तळ्याकाठच्या गावाला चारच ओळी होत्या. वर्षातले पाच महिने तळ्यावरून असे धुके चढते की पसरलेला हात दिसत नाही, असे त्यात होते. मी त्या चार ओळी उभ्यानेच तीनदा वाचल्या. दुसऱ्या दिवशी पासपोर्टचा फॉर्म आणला.

तीन. पणजोबांची पटाशी माझ्या मुलीची. ती सुतारकाम करत नाही, दवाखान्यात इंजेक्शने देते. तरीही तिचीच, कारण हात हलका लागतो आणि तो तिला आहे. पटाशी शेवटची कुठे चालली, ते तिला ठाऊक असावे म्हणून लिहिते.

विमान, मग आगगाडी, मग बस, मग एका दूधवाल्याची गाडी, असे करत मी त्या गावात पोचले. धुके होतेच. चढणीची एक गल्ली, आणि गल्लीच्या उजव्या अंगाला एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत वर जाणारी एक जाड दोरी. मी ती धरली आणि चढू लागले. पहिल्या जुन्या दाराशी माझा हात थांबला. दोरी चौकटीवरच्या खाचेत बसलेली होती. दोन बोटे रुंद. मी अंगठा घातला. पेराएवढी खोल. मी कपाळ त्या चौकटीला टेकले आणि मोठ्याने म्हणाले, "उगीच नाही हो. ऐकलंत का? उगीच नाही!"

आतून एक म्हातारी बाहेर आली. चोर असेन असे तिला वाटले असावे. तिची भाषा आणि सासूबाईंचे जुने शब्द अर्धेमुर्धे जुळत होते, तेवढ्यावर आमचे चालले. तिने सांगितले, धुक्यात म्हातारी माणसे आणि पोरे दोरी धरून घरोघर जातात; खाचेमुळे दोरी खाली घसरत नाही. मग ती मला वरच्या दाराशी, तिच्या मुलाच्या घरी घेऊन गेली. ते दार नवे, दुकानातून आणलेले, गुळगुळीत. दोरीसाठी खिळा ठोकला होता. तो उपटून आला होता आणि तिथे दोरी जमिनीवर लोळत होती. मागच्याच महिन्यात तिची जाऊ तिथे पडली.

"सुतार नाही का?" मी विचारले.

"मेला. खाच पाडणारं कोणी उरलं नाही."

मी पिशवीतून पटाशी काढली. ह्यांची आठवण म्हणून जवळ ठेवली होती, कामासाठी नव्हे. बावीस वर्षे मी दुसरे टोक धरले होते, हे टोक कधीच नाही. पण हात कुठे थांबतो, ढलपी कधी निघते, ते पाहून पाहून पाठ झाले होते. तास लागला. खाच थोडी वाकडी आली. म्हातारीने दोरी उचलून तीत बसवली, ओढून पाहिली, आणि शेजारच्या बाईला हाक मारली. गावात खाचा नसलेली आणखी सहा दारे निघाली. मी चार दिवस राहिले. शेवटची खाच सरळ आली.

निघताना म्हातारी दारात उभी राहून म्हणाली, "दोरी धरून जा." मी धरून उतरले.

चार. ह्यांच्या तपकिरी कोटाच्या उजव्या खिशात भुसा आहे. कोट झटकू नये, धुवू नये. माझ्या अंगावर घालून मला न्यावे.

पाच. माझ्या दिराला मी काहीच ठेवत नाही. विसरून नव्हे. वकील सांगतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. आणि मला तो साक्षीदार हवा आहे. मी परत येऊन चार महिने झाले. त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही. साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायची असते, वाचायचे नसते, हेही वकील सांगतात. त्याने मात्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे आहे. चष्मा विसरलो म्हणाला तर माझा देईन. मग त्याला जे वाटेल ते त्याने सहीच्या वर लिहावे. ज्यांच्यापुढे तो बोलला होता, ते कामगार आता पांगले. कागद पांगत नाही.

यापेक्षा जास्त माझ्याजवळ काही नाही, आणि हे कमी नाही.

स्थळ: माझे स्वयंपाकघर. दिनांक नऊ मार्च, सोमवार, सकाळचे अकरा.

मृत्युपत्र करणारी: (सही)

साक्षीदार दुसऱ्या: वाचनालयाच्या ग्रंथपाल. ठेव वाचनालयाला आहे, मला नाही. सही माझ्यासमोर झाली. नकाशांचे पुस्तक फेकणार नाही. (सही)

साक्षीदार पहिला: दीर, धंदा सुतारकाम. वहिनींनी माझ्यासमोर सही केली. सगळे वाचले, दोनदा. चष्मा माझाच होता. दादा बरोबर होता. वहिनी, मला काही मिळत नाही ते योग्य आहे. फक्त पटाशी आज संध्याकाळपुरती द्या. माझ्या दाराला खाच नाही. (सही)