एकाच टॅक्सला हो म्हणा

२ ऑक्टोबर

— आणि काल लिहिता लिहिता डोळा लागला, मुख्य गोष्ट राहिलीच! ग्रेडीने मला घेतलं. स्टेडियमच्या प्रचारात. दारोदार फिरायचं आणि सांगायचं, नोव्हेंबरच्या मतदानात नव्या स्टेडियमच्या टॅक्सला हो म्हणा. हेरॉन्सचं, म्हणजे आमच्या बेसबॉल टीमचं, निळं जॅकेट फुकट!

ग्रेडी आमचा प्रमुख. जेमतेम तिशीचा असेल, पण बोलतो आमदारासारखा. मला विचारतो, "बेसबॉल कळतं का?" मी म्हटलं, "या सीझनची कुठलीही मॅच काढ, आपण कशी हरलो ते सांगते." जाम हसला. "मग तू आमचीच."

डॅडला सांगितलं तर म्हणे, "शेवटून पहिली आलेली टीम, आणि त्यांना नवं घर पाहिजे!" पण जॅकेट आधी त्यानेच घालून बघितलं. आरशासमोर. वजन इतकं उतरलंय की माझ्या मापाचं त्याला सैल झालं.

टीमचा मालक सरळ म्हणतोय — टॅक्स मिळाला नाही तर टीम टेनेसीला नेतो. नेली तर? उन्हाळ्यात या गावात उरतं काय? नदी आणि डास.

४ ऑक्टोबर

शनिवार, म्हणजे डॅडचं डायलिसिस. काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची सरकारी व्हॅन सकाळी दारात. ऑटिस चालवतो. आत नेहमीची मंडळी, सगळी किडनीवाली, सगळी एकमेकांची उणीदुणी काढत. ऑटिसने माझं जॅकेट बघितलं आणि लागलीच सुरू झाला.

"काय गं केल्सी, चाळीस हजार लोकांना बसवायला टॅक्स मागतेस म्हणे? माझ्याकडे सीट आठच आहेत. तेवढ्यांचंही बघ जरा."

"तुमचं होतंच की दर वेळी!" मी म्हटलं.

"होतं बाई, होतं," म्हणाला, आणि डॅडला काखेत हात घालून वर घेतलं.

व्हॅनच्या पैशांचंही यंदाच मतदान आहे, आमच्याच मतपत्रिकेवर. आरोग्याचा टॅक्स. व्हॅन त्याच्यावरच चालते. नवीन काही नाही, जुनाच पुढे चालू ठेवायचा. दर काही वर्षांनी येतो, दर वेळी पास होतो. त्याच्यासाठी कोणी फिरत नाही, कोणी अंगणात पाट्या लावत नाही. मी लहान होते तेव्हापासून हे असंच.

११ ऑक्टोबर

चालून चालून पायांचे तुकडे पडले. लोक काय बोलतात!

"मालकाकडे स्वतःचं विमान आहे, आणि विटा माझ्या खिशातून?"

"दोन दोन टॅक्स? घर विकू का?"

एका बाईने तर सरळ कुत्राच सोडला.

पण सगळ्यात जास्त हेच — दोन दोन टॅक्स. एक म्हातारा म्हणाला, "एकाला हो म्हणेन. दोघांना नाही. संपलं." आणि दार लावलं. संध्याकाळी ग्रेडीला सांगितलं. तो म्हणाला, "भांडायचं नाही. म्हणायचं — एकच देणार ना, मग आम्हाला द्या."

खूप कोरडं वाटलं ते. भीक मागितल्यासारखं.

१४ ऑक्टोबर

सुचलं! सकाळी दुकानात कॅशवर बसले असताना सुचलं, आणि संध्याकाळी लगेच वापरलं.

"आरोग्याचा टॅक्स तर दर वेळी पास होतोच. त्याला तुमच्या मताची गरज नाही. आम्हाला आहे."

चालतंय! खरंच चालतंय! लोकांचा चेहराच बदलतो. सुटल्यासारखे दिसतात. शेजारच्या मिसेस हाउक सुद्धा — ज्यांनी आयुष्यात कुठल्या टॅक्सला हो म्हटलं नसेल — "अगं हो, ते तर होतंच नाही का," म्हणाल्या आणि आमची पाटी अंगणात लावून घेतली. त्यांनी स्वतः ठोकली, हातोडीने. सत्तरीच्या बाई!

डॅडला म्हणून दाखवलं. सोफ्यावर पडून ऐकलं त्याने. आजचं डायलिसिस जड गेलं होतं. तरी म्हणाला, "छान जमलंय, केल्स. तुझ्या आईची जीभ आली तुझ्यात." आई जाऊन इतकी वर्षं झाली, असं तो पहिल्यांदाच म्हणाला.

१७ ऑक्टोबर

ग्रेडीने माझं वाक्य छापून सगळ्यांना वाटलं. सगळ्यांना! पूर्ण काउंटीत. मीटिंगमध्ये उभं केलं मला. टाळ्या.

२० ऑक्टोबर

डॅडला आगाऊ मतदानाला घेऊन गेले. मतदानाचा दिवस मंगळवार, म्हणजे त्याचा डायलिसिसचाच दिवस. मला आत जाता येईना — हेरॉन्सचं जॅकेट अंगात, आणि प्रचाराचं काही घालून, केंद्राभोवती हद्द म्हणून रोवलेल्या त्या छोट्या झेंड्यांच्या पलीकडे पाऊल टाकता येत नाही. आत नुसता टीशर्ट होता, काढायला थंडी फार. बाहेरच उभी राहिले.

आला तो टोपीवर स्टिकर लावून. 'मी मत दिलं.'

"झालं?"

"झालं. भूक लागली."

चिली खायची म्हणाला. तिच्यातले टोमॅटो आणि राजमा किडनीमुळे त्याला बंद आहेत. तरी गेलो. त्याने माझ्या ताटलीतून घेतली, चमच्याने, लहान मुलासारखी, मी बघत नसताना. मी बघत होते.

४ नोव्हेंबर

आज!! आवाज पार बसलाय. कॉफी, कॉफी. जाते.

५ नोव्हेंबर

जिंकलो. पास!

हॉटेलात निळे फुगे होते, खूप आरडाओरडा, मालक स्वतः आला, त्याने हात मिळवला. मऊ हात. ग्रेडीने मला उचलून फिरवलं. मला वाटलं, बस्स, याच्यासाठीच असतं सगळं.

घरी आले तर डॅड स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसलेला. "झालं ना तुमचं? शाब्बास गं." मी नाचले थोडं. मग विचारलं, आणि आरोग्याचं?

"ते नाही झालं."

मला वाटलं मस्करी करतोय. रेडिओवर पुन्हा येईपर्यंत थांबले. नाही झालं. अगदी थोडक्यात पडलं.

"दुरुस्त करतील काहीतरी," डॅड म्हणाला. "झोप."

८ नोव्हेंबर

ऑटिसने आज काही टोमणा मारला नाही. त्यावरूनच कळलं.

व्हॅन वर्षअखेरपर्यंत. मग बंद. तो एका मालवाहू कंपनीत नोकरी बघतोय. मागच्या सीटवरची रोझेला, मिसेस हाउकची बहीण, तिच्या मांडीवर विणकाम होतं, पण सुया हलत नव्हत्या.

मी जॅकेट घरी ठेवून आले होते. कोणी काही म्हणालं नाही. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर

मिसेस हाउक पाटी उपटत होत्या. मी मदतीला गेले. खुंटा निघत नव्हता, जमीन गारठून घट्ट झालेली. त्या माझ्याकडे न बघताच बोलल्या.

"रोझेलाला मी कसं नेऊ गं आता? मला दिसत नाही नीट. लायसन्स काढून घेतलं माझं."

"काहीतरी करू आपण —"

"तूच म्हणालीस ना. त्याला माझ्या मताची गरज नाही म्हणालीस."

"मला तसं वाटत होतं. खरंच वाटत होतं."

"मलाही वाटलं," त्या म्हणाल्या. "म्हणून तर."

रागावल्या असत्या तर मी रडले असते. त्यांनी मला कॉफी केली. ती मी प्यायले. कशी प्यायले कोण जाणे.

म्हणजे हे प्रत्येक दारात झालं. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे देतीलच. आणि हे वाटायला लावलं कोणी? मालकाने नाही. ग्रेडीने पण नाही. त्याचं वाक्य कोरडं होतं, कोणी ऐकलं नसतं.

१३ नोव्हेंबर

फोन, फोन, फोन. खासगी गाडीवाले जे भाडं सांगतात ते ऐकून डॅडनेच हातातून फोन घेतला आणि "थँक्यू" म्हणून ठेवून दिला. बसने जायचं तर दोन बदलाव्या लागतात. परत येताना तो उभासुद्धा राहू शकत नाही, बस काय बदलणार!

मी न्यायचं तर दुकानाची सकाळची पाळी सोडावी लागेल. सुपरवायझर म्हणाली, दुपारच्या सगळ्या भरल्यात.

डॅड म्हणतो, "आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा गेलं तरी चालतं काही लोकांना." डॉक्टरला विचारलंस? तर रेडिओ लावला. आज त्याचे घोटे बघितले. मोज्याची खूण खोल रुतलेली, बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहतो.

१५ नोव्हेंबर

ग्रेडीचा फोन. नोकरी! हेरॉन्सच्या ऑफिसात, मार्चपासून, पक्की. "तुझ्या त्या एका वाक्याने आपण जिंकलो," म्हणाला. वर म्हणे, "मालकालाही माहितीये ते वाक्य."

लहानपणापासून दुसरं काही मागितलं नव्हतं मी. पाण्याचा ग्लास हातात होता, तो ठेवायचं सुचेना. म्हटलं, सोमवारी सांगते.

ग्रेडीला विचारलं, आरोग्याचं काय? तो म्हणाला, "वाईट वाटलं यार. पण त्यांनी प्रचारच केला नाही ना."

खरं आहे. नाही केला.

१६ नोव्हेंबर

डॅडला सांगितलं, नोकरी घेणार नाही. ज्या वाक्याने तुझी व्हॅन गेली त्याचा पगार मला नको. ज्यांनी ज्यांनी आरोग्याला नाही म्हटलं त्यांची तोंडं रोज आठवतील मला.

त्याने टोपी काढून गुडघ्यावर फिरवली. मग म्हणाला, "मग माझंही आठव. मीपण तुमच्या एकालाच हो म्हटलं, केल्स. आरोग्याच्या टॅक्सला नाहीवर खूण केली. दोन टॅक्स मलाही जड जातात, आणि ते तर दर वेळी होतंच. तू इतकं छान सांगत होतीस."

आणि हसला! दम लागेपर्यंत हसला.

आता तूच सांग, डायरी — त्या दिवशी आत जाऊन मत दिलं ते त्याने, की झेंड्यांच्या बाहेर उभं राहून मी?