इंजिन आधीच गरम होतं

आबा, मी एक जुनी जेट-स्की विकत घेतली आणि त्यात सपशेल फसले, हे तुम्हाला सांगायला बसले आहे. जेट-स्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल समजा. सीट उचलली की खाली इंजिन, मागे पाण्याचा फवारा मारून पुढे जाणारी. तुम्ही गेलात त्याला एकवीस वर्षं झाली. तुम्ही बोटींची इंजिनं दुरुस्त करायचात त्या बंदरावर हे असलं काही कधी आलं नाही, पण आलं असतं तर तुम्ही तिच्या दिसण्याकडे बघितलंही नसतं, "सीट काढ" एवढंच म्हणाला असतात. इकडे थंडीच्या महिन्यांत, म्हणजे दुबईत ज्याला थंडी म्हणतात त्या महिन्यांत, लोक या गाडीच्या मागे बर्फाची पेटी बांधतात, गळाच्या काठ्या उभ्या करायला नळ्या लावतात आणि मासेमारीला जातात. दोन वर्षांपूर्वी ऑफिसच्या एका सहलीत मी बोटीवरून गळ टाकला आणि सुरमई लागली. हाताला तो हिसका बसला आणि मला कळलं की सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत आपण एका बंदरावर जन्मून एकदाही स्वतःच्या हाताने मासा धरलेला नव्हता. त्या गोष्टीचा मला आनंद व्हायच्या ऐवजी राग आला. कुणाचा, ते तुम्ही ओळखाल.

घरी सांगितलं तर नवरा हसला. आम्ही डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो, पार्किंगमध्ये आपली एक गाडी धड लागत नाही, तिथे हिला ठेवणार कुठे, हा त्याचा पहिला प्रश्न. दुसरा नेहमीचा, "चौदा हजार दिरहम म्हणजे सव्वातीन लाख गं!" मुलगी इथेच वाढली, आता कॉलेजला आहे. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "आई, यू डोन्ट इव्हन स्विम प्रॉपरली." मी म्हटलं, शिकेन. आणि शिकलेही, आबा. बिल्डिंगच्या पूलमध्ये, लहान पोरांच्या क्लासच्या आधी, तीन महिने. जेट-स्कीचं लायसन्स काढलं, मासेमारीचा परवाना काढला. इतकी तयारी मी लग्नाचीसुद्धा केली नव्हती. म्हणूनच पुढे जे झालं त्याची जास्त चीड येते.

विकणारा आपला माणूस निघाला, पुण्याचा. नोकरी सोडून बायकोमुलांसह कायमचा परत चाललेला. शारजातल्या एका यार्डात ट्रेलरवर ती जेट-स्की ठेवलेली. "ताई, मराठी माणसालाच द्यायची असं मी ठरवलं होतं," तो म्हणाला, आणि मी विरघळले. इथे दिवसभर मीटिंगमध्ये इंग्रजी, लिफ्टमध्ये हिंदी, आणि पार्किंगवाल्याशी इन्शाल्ला, खलास. त्यात कुणी 'ताई' म्हटलं की माणसाची अक्कल जाते. मीटरवर एकशे दहा तास दिसत होते, म्हणजे फारशी वापरलेली नाही. रंग चकचकीत. त्याने सीट उचलली, मी वाकून बघितलं, आणि काही विचार न करता हात इंजिनवर ठेवला. इंजिन गरम होतं. आम्ही यायच्या आधीच त्याने ते चालू करून ठेवलेलं होतं. बिघडलेलं इंजिन गार असताना सहज सुरू होत नाही, म्हणून विकणारे ते आधीच तापवून ठेवतात, हे तुमच्या शेडवर पोरासोरांनाही माहीत होतं. बटण दाबल्याबरोबर ते सुरू झालं. नवरा म्हणाला, "वा!" आणि मी हात मागे घेऊन रुमालाला पुसला.

तुम्हाला तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. मी अकरा वर्षांची आहे. आईने दिलेला डबा घेऊन तुमच्या शेडवर आले आहे. शेडपुढे एक जुनं डिझेल इंजिन लाकडी ओंडक्यांवर ठेवलं आहे. ते विकायला बाहेरून आलेला एक माणूस आणि आपल्या बंदरावरचे एक बोटमालक बोलतायत. तुम्ही मधे उभे, कानावर पेन्सिल. मालकांनी तुम्हाला पारख करायला बोलावलेलं. कुणी अजून इंजिन चालू केलेलं नाही. मी डबा एका हातात धरून दुसरा हात त्या लोखंडावर ठेवते, कारण तुम्हाला मी शंभर वेळा तसं करताना बघितलं आहे, आणि मोठ्यांदा म्हणते, "आबा, हे गरम आहे! यांनी आधीच चालू केलंय." विकणारा हसतो. मालक तुमच्याकडे बघतात. आणि तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणता, "मोठी माणसं बोलतायत ना गो? डबा ठेव आणि घरी जा. बायकांच्या जातीने यात तोंड घालायचं नाही." शेवटचं वाक्य तुम्ही त्या दोघांना बरं वाटावं म्हणून बोललात, हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नव्हतं. मी डबा ठेवला आणि घरी गेले. संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरात चुलीशेजारी तुम्ही नेहमीसारखे बसलात, आमटी-भात जेवलात, आमटी खारट आहे एवढंच बोललात.

ते इंजिन त्याच मोसमात भर समुद्रात बंद पडलं. बोट दोन दिवस वाहत गेली. माणसं सुखरूप परत आली म्हणून कुणी जास्त बोललं नाही. तुम्ही ते इंजिन शेडमध्ये आणून उघडलंत, चार दिवस त्यात डोकं घालून होतात. त्या चार दिवसांत एकदा तरी मला हाक मारून "तू बरोबर बोलली होतीस" असं म्हणाला असतात तर तुमचं काय गेलं असतं? मी वाट बघितली होती, आबा. दाराशी उगाच घोटाळत होते. तुम्ही पाण्याचा तांब्या मागितलात. पुढे चुलतभावाला तुम्ही हाताखाली घेतलंत. त्याला साधा नटबोल्ट ओळखता येत नव्हता, त्याला मेस्त्री केलंत. मला पहिली नोकरी लागली तेव्हा तालुक्याला जाऊन काळी रेक्झिनची बॅग आणलीत आणि म्हणालात, "हाताला वास लागणार नाही असं काम कर." बॅग चांगली होती. मी ती वापरली, मग दुसरी घेतली, मग इथे येऊन पंचवीस वर्षं हाताला वास न लागणारं काम केलं.

तर त्या यार्डात मी काही बोलले नाही. नवरा आणि तो पुणेकर, दोघं पुरुष बोलत होते, इन्शुरन्स कधी संपतो, नावावर करायला कुठे जायचं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं की आज राहू दे, उद्या इंजिन गार असताना परत येते. एक साधं वाक्य. ऑफिसमध्ये मी बारा माणसांची टीम सांभाळते, सप्लायरच्या तोंडावर त्याची चूक काढते. आणि तिथे मी नुसती ट्रेलरच्या चाकाकडे बघत उभी राहिले. मनात म्हटलं, त्याचा अपमान होईल, आपला माणूस आहे, त्याच्या बायकोने थर्मासमधून कॉफी पण पाठवली आहे. पैसे दिले.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला पोचलो. नवरा किनाऱ्यावर खुर्ची टाकून बसला, मुलगी माझ्या मागे बसली, दोघींना लाइफ जॅकेट. जेट-स्की छान पळाली. ट्रेलरवरून उतरवायच्या आधी मीच ती चालू करून बघितली होती, तेव्हा चार-पाच वेळा बटण दाबावं लागलं, पण मी ते मनावर घेतलं नाही. बंदराच्या हद्दीपासून लांब राहून, डोंगर मागे टाकत आम्ही आत गेलो, इंजिन बंद केलं, गळ टाकले. तासभर काही लागलं नाही. पण मुलगी गप्पा मारत होती, कॉलेजमधल्या, मैत्रिणींच्या, आणि तिने मला इतकं सलग कधी सांगितलं नव्हतं. मग वारा वाढला. निघायचं म्हणून मी बटण दाबलं. खर्र आवाज झाला आणि काही नाही. परत दाबलं. दहाव्यांदा दाबलं तेव्हा तेवढाही आवाज येईना.

"आई, इज इट सपोज्ड टू डू दॅट?"

नवऱ्याला फोन लावला. त्याने मदत बोलावतो म्हटलं. वारा आम्हाला किनाऱ्यापासून लांब नेत होता. उन्हाने डोकं तापलेलं, लाटांनी मुलगी ओकायला लागलेली, आणि मी एका हाताने तिची पाठ चोळत दुसऱ्या हाताने त्या मेल्या बटणाला बुक्के मारत होते. तेव्हा मला ते दोन दिवस वाहत गेलेले लोक पहिल्यांदा दिसले. लहानपणी माझ्यासाठी ती गोष्ट फक्त 'मी बरोबर होते' एवढीच होती. त्या बोटीत माणसं होती, त्यांना पाणी किती पुरलं असेल, हे मनातच आलं नव्हतं. आणि मग आलं ते त्याहून वाईट. पारख करायला बोलावलेला माणूस इंजिनला हात लावल्याशिवाय राहील का? तुम्ही मी यायच्या आधीच हात लावला असणार. तुम्हाला माहीत होतं. मालकांचं मन त्या इंजिनवर बसलं होतं आणि मालकांपुढे बोलायची तुमची छाती झाली नाही, माझ्यासारखीच. तुम्ही माझं तोंड बंद केलंत ते मी चुकले म्हणून नव्हे.

हे सुचल्यावर मला तुमची दया यायला हवी होती. नाही आली. मुलगी पांढरीफटक पडली होती आणि मला फक्त ओरडावंसं वाटत होतं.

दीड तासाने एक मासेमारी होडी आली. पांढऱ्या दाढीचा अरब म्हातारा आणि त्याचे दोन केरळी साथीदार. म्हाताऱ्याने दोरी फेकली, "यल्ला मदाम, बांधो, मजबूत बांधो!" आम्हाला पाण्याच्या बाटल्या दिल्या, मुलीला खजूर दिले, आणि सगळा वेळ जेट-स्कीकडे बघून मान हलवत राहिला. "देखके नहीं लिया?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "देखा था. इंजिन गरम था." तो परत दोरीकडे वळला. मुलीने मात्र ऐकलं. किनाऱ्यावर पाय लागल्यावर ती माझ्याकडे वळली.

"वेट. यू न्यू? आई, यू न्यू अँड यू जस्ट पेड हिम?"

"मला वाटलं त्याला वाईट वाटेल."

"ही वॉज लायिंग टू यू! अँड यू वर वरीड अबाउट हिज फीलिंग्ज?" तिचे डोळे भरले होते. "आय वॉज ऑन दॅट थिंग, आई."

मी फोन काढला. त्या पुणेकराला मेसेज केला तर त्याचं उत्तर आलं, "ताई, मी दिली तेव्हा तर चालू होती ना?" खरंच होती. त्यानंतर त्याने मला ब्लॉक केलं.

मेकॅनिक पेशावरचा, शारजाच्या औद्योगिक भागात त्याचं गॅरेज. त्याने ऑइल काढून दाखवलं, दूध घातलेल्या चहासारखं. इंजिन कधीतरी खाऱ्या पाण्यात बुडालं होतं आणि वरवर पुसून विकलं होतं. तो हे सगळं माझ्या नवऱ्याला समजावून सांगत होता. मी मधे उभी राहिले. "गाड़ी मेरी है, भाई. मुझे बताओ." आवाज जरा जास्तच मोठा आला, शेजारच्या गॅरेजमधलेही वळून बघायला लागले. तो म्हणाला, "जी मॅडम, आप ही को बताता हूँ." मग चार शनिवार मी तिथे गेले. बसायला स्टूल मागितलं नाही, काय उघडतो ते बघितलं, नवीन भाग आले की हातात घेऊन विचारलं, हा कशासाठी. तिसऱ्या शनिवारी मुलगीही आली, आपणहून, आणि टॉर्च धरून उभी राहिली.

शेवटच्या दिवशी त्याने थंड इंजिन चालू केलं. एका बटणात सुरू झालं. तो खूश झाला, बंद करणार एवढ्यात मी म्हटलं, "रुको. एक सिलिंडर बीच-बीच में छोड़ रहा है." त्याला ऐकू येत नव्हतं. मला येत होतं. तुमची शेड आपल्या घराला लागून होती, आणि भांडी घासता घासता, अभ्यास करता करता, मी अठरा वर्षं भिंतीपलीकडून इंजिनं ऐकली होती, बिघडलेली आणि मग नीट झालेली. त्याने तपासलं. ठिणगी पाडणारी एक कॉइल अधूनमधून दगा देत होती. त्याने ती बदलली, हात पुसले आणि माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघून विचारलं, "मॅडम, ये किसने सिखाया आपको?"

मी म्हटलं, "मेरे पिताजी ने."

"उस्ताद आदमी होंगे," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

परतताना गाडीत मुलीने विचारलं, "डिड ही रिअली टीच यू?" तिला तुमच्याबद्दल काही माहीत नाही, एका फोटोपलीकडे. खरं सांगायची ती वेळ होती. मी समोरच्या ट्रककडे बघत म्हटलं, "हो, लहान होते तेव्हा." आता ती मैत्रिणींना सांगते की तिच्या आजोबांनी तिच्या आईला इंजिनं शिकवली. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण तुम्ही ते वाचून पहिल्यांदा हेच विचारलं असतं की मी तुमच्या वतीने खोटं का बोलले. मला माहीत नाही, आबा. मला अजून तुमचा राग आहे. फक्त ती इतक्या कौतुकाने सांगते, की तिची चूक दुरुस्त करायचा मला धीर होत नाही.