आमच्या गल्लीतली बस

३ नोव्हेंबर, सोमवार
गल्लीच्या तोंडाशी खांबावर नोटीस. भाईंदर स्टेशन ते मुर्धा, छोटी इलेक्ट्रिक बस — आमच्या गल्लीतून! आधी ट्रायल, मग सुनावणी. बस कायम झाली तर गल्लीतलं पार्किंग बंद.
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मला गप्प बसता येणार नाही. मनोरमाला म्हटलं, "आपली गाडी कुठे ठेवायची?"
"ती चालते का अजून?" म्हणाली.
बायकोला राजकारण कळत नाही.

५ नोव्हेंबर
गच्चीवर मीटिंग. सगळ्यांचं एकमत: प्रदूषण कमी व्हायला हवं, बस यायलाच हवी, फक्त मागच्या गल्लीतून. दुसऱ्या मजल्यावरचे रोहितभाई म्हणाले, "सुभाषभाई, डेव्हलपमेंट तो चाहिए, लेकिन सामने से नहीं." टाळ्या पडल्या. आक्षेप लिहायचं काम माझ्याकडे.

१० नोव्हेंबर
बस सुरू झाली. मी आक्षेपात पहिला मुद्दा 'असह्य आवाज' असा लिहून ठेवला होता. पण बसला आवाजच नाही. मागून येऊन कधी उभी राहिली, कळलंही नाही.
मुद्दा दुरुस्त केला — 'आवाज नसल्यामुळे जिवाला धोका.'

१३ नोव्हेंबर
चार मजले फिरून सह्या घेतल्या. सगळ्यांनी न वाचता केल्या, याला म्हणतात विश्वास. मनोरमा म्हणाली, "मी वाचून सांगते." अजून सांगितलेलं नाही.
तिचं हल्ली भजनी मंडळ सुरू झालंय, मुर्ध्याला. रोज दुपारी जाते म्हणे. मी तेव्हा झोपलेला असतो.

१७ नोव्हेंबर
मनोरमाच्या पदराला सुक्या बोंबलांचा वास! आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. विचारलं.
"देवळाच्या शेजारी वाळत घालतात," म्हणाली आणि आंघोळीला गेली.
पटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
हे लिहावं की नाही, तासभर विचार केला.
सुनावणीला हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत. मनोरमाही येते म्हणाली होती, म्हणून शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली. मी बोललो, छान बोललो. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोनदा मान हलवली.
मग मुर्ध्याची शकू उठली. तिथल्या कोळणींनी उन्हावर चालणारी मासे सुकवायची शेड काढलीय, ती हिच्याच पुढाकाराने. "आमी पाट्या घेऊन रिक्षात बसलो का वास येतो म्हणून उतरवतात," ती म्हणाली. "बसवाला उतरवत न्हाय. बस गेली तं आमचा माल घरातच ऱ्हाणार. बाकीचा आमच्या म्यानेजर बाई सांगतील."
आणि मागच्या रांगेतून मनोरमा उठली.
मला वाटलं, माझ्याकडे येतेय. मी पिशवीसुद्धा उचलली. ती सरळ माइकपाशी गेली. "मी रोज या बसने कामाला जाते," म्हणाली. कामाला! पॅकिंग, ऑर्डरी, दुकानदारांशी फोन — सगळं ही बघते. न अडखळता बोलली. मला ठाऊक असलेली मनोरमा गॅसवाल्याशीसुद्धा मला बोलायला लावते.
साहेबांनी पत्ता विचारला. तिने सांगितला. साहेबांनी माझा कागद पुन्हा काढून पाहिला. "हा तर आक्षेपवाल्यांचाच पत्ता."
"हो," मनोरमा म्हणाली. "एका घरातून दोन मतं आहेत. दोन्ही लिहून घ्या."
रोहितभाई इतके हसले की त्यांना बाहेर जाऊन पाणी प्यावं लागलं.

२२ नोव्हेंबर
सकाळी मीच विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"
"पहिल्याच दिवशी सांगायला आले होते. तुम्ही आक्षेप मोठ्याने वाचून दाखवत होतात. मग म्हटलं, भजन बरं."
"पण नोकरी कशाला? या वयात?"
ती कणीक मळत होती. थांबली. "दुपारी घरात फक्त पंख्याचा आवाज असतो. तिकडे पंधरा बायका माझी वाट बघतात."
"मी असतो ना घरात."
"असता. घोरत."
दुपारी झोपायला गेलो, झोप आली नाही. घर खरंच फार शांत असतं.

१ डिसेंबर
बस कायम झाली. गल्ली रिकामी करायचा आजच शेवटचा दिवस. सगळ्यांच्या गाड्या निघाल्या, माझी निघेना. बॅटरी कधीच गेलेली. मागे बस येऊन उभी राहिली — अर्थातच आवाज न करता. ड्रायव्हर हॉर्नही देईना, नुसता बघत होता. ते जास्त लागलं.
मग दार उघडलं आणि बसमधली माणसं खाली उतरली. शकूने पदर खोचला. "काका, तुमी स्टेरिंग धरा, आमी ढकलतो." मी धरलं. आरशात बघतो तर ढकलणाऱ्यांत मनोरमा! गाडी सोसायटीच्या गेटच्या आत गेल्यावर सगळे पुन्हा बसमध्ये बसले आणि गेले. मनोरमाने खिडकीतून हात केला.
मीही केला.

४ डिसेंबर
आज तिच्याबरोबर मुर्ध्याला गेलो. बसमध्ये खिडकीची जागा तिने घेतली. शेडमध्ये काचेसारख्या छपराखाली बोंबील ओळीने वाळत होते, माशी नाही एक. बायकांनी मला खुर्ची दिली. "मॅडमचे मिस्टर" अशी ओळख झाली. छत्तीस वर्षं ऑफिसात साहेब होतो.
वाईट वाटलं नाही. घरी येऊन आरशात बघितलं, खरंच वाटलं नव्हतं.

२३ डिसेंबर
महापालिकेची निवडणूक लागलीय. दुपारी बेल वाजली — एका पक्षाची चार माणसं, हातात गुच्छ. आमच्या वॉर्डाचं तिकीट घेऊन आले होते. मी त्यांना बसवलं, आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला, बाहेर येऊन म्हटलं, "मला विचार करायला एक दिवस द्या."
ते एकमेकांकडे बघायला लागले. "काका, मॅडम कधी येतील?"
चहा मी केला.