नोव्हेंबरची काच

१४ मार्च, गुरुवार

प्रिय काका,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. आईचा गुडघा पायऱ्यांपुरताच दुखतो, आणि बाबा गॅरेजमध्ये पूर्वीसारखेच सगळ्यांवर खेकसतात. तुमचं पंपदुरुस्तीचं कसं चाललंय? काकू फोनवर म्हणाल्या, की पंप उघडायच्या आधी तुम्ही पाने मोजून ठेवता आणि काम संपल्यावर पुन्हा मोजता. ते ऐकल्यापासून हे पत्र डोक्यात आहे.

आधी कामाचं सांगते. जुन्या गाड्यांच्या संघाने मला एका स्पोर्ट्स कारची जन्मतारीख ठरवायला दिली आहे. हिरवी, दोन दारांची, उतरत्या टपाची. कारखाना ऑगस्टभर बंद असायचा आणि सप्टेंबरपासून नवं मॉडेल निघायचं. हिचा चासी नंबर नेमका मधल्या फटीत पडतो, आणि कारखान्याच्या रजिस्टरची तेवढीच पानं गहाळ आहेत. मालक दंतवैद्य आहेत. ही जुन्या मॉडेलच्या शेवटच्या गाड्यांपैकी, असं ते म्हणतात. तसं ठरलं तरच संघाच्या यादीत तिला जागा मिळेल.

मी तुमच्याच पद्धतीने वही आखली. डावीकडे 'दिसलं', उजवीकडे 'वाटलं'. शाळेत जायच्या आधी आकडे शिकले ते तुमच्या मांडीवर बसून, गाड्यांच्या भागांवरचे. माझं 'भिंग' हे नावही तेव्हाचंच. आणि नियमही: डोळ्यांनी वाचलं ते डावीकडे, बाकी सगळं उजवीकडे, मग ते कितीही खरं वाटो.

डावा रकाना भराभर भरला. सिलिंडर हेडवरचा शिक्का एप्रिलचा. चाकांच्या रिम मे महिन्यातल्या. स्पीडोमीटर काढून उलटा केला, तर मागे पेन्सिलीने जूनची तारीख आणि कुणाची तरी घाईतली सही. सीटच्या आत कागदाची चिठ्ठी निघाली, तीही जूनची. दाराच्या अस्तरामागे खडूने कुणीतरी एक भलंमोठं बाकदार नाक काढलंय. कारखान्यातल्या साहेबाचं असावं, पण ते उजवीकडे. त्या दिवशी मी जेवायचंसुद्धा विसरले.

मग पुढची काच पाहिली. कोपऱ्यातला आकडा वर्षाचा आणि ठिपके महिन्याचे, हे तुम्हीच शिकवलेलं. वर्ष तेच, पण ठिपके अकरा. नोव्हेंबर.

सगळे भाग मूळचे असतील, तर गाडी तिच्या सर्वांत नव्या भागाआधी तयार झालेली नसते. म्हणजे हे नवं मॉडेल ठरतं. दंतवैद्यांना सांगितलं, तर ते म्हणाले, "एक दात नवा बसवला म्हणून माझा पेशंट तरुण होत नाही हो. काच बदलली असेल."

"असेल, हे उजवीकडे जातं."

"तुम्ही घरीही अशाच बोलता का?"

संघाचे सचिव म्हणाले, बदलल्याची लेखी नोंद आणा.

नोंद आहे, काका. आपल्याच गॅरेजच्या जुन्या वहीत आहे. गाडी कोणती ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसले. ही तीच हिरवी गाडी.

डाव्या रकान्यात तुमचं अक्षर आहे: 'पाना टपावर विसरलो. घसरून पुढची काच फुटली. चूक माझी. दुसऱ्या गाडीची काच बसवली.' बाबा म्हणाले, "मग जोड की ते पान. त्यात घुटमळण्यासारखं काय आहे?" पण संघाला द्यायच्या अहवालाखाली मला सही करायची आहे, की वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे.

पाना घसरला नव्हता. मी सात वर्षांची होते आणि तुम्ही फोन घ्यायला आत गेला होतात. तुम्ही बोटाने भागांवर टकटक करून कान लावायचात, मला काचेचा आवाज ऐकायचा होता. बोटाने नीट येईना, म्हणून स्टुलावर चढून टपावरचा पाना घेतला. एकदा हळूच वाजवला. दुसऱ्यांदा जरा जोरात. काच एकदम पांढरी झाली आणि खाली सांडली. पाना बॉनेटवर टाकून मी टायरांच्या ढिगाआड जाऊन बसले. तुम्ही आलात, पाना पाहिलात आणि कपाळावर हात मारून घेतलात.

नंतर बाबा म्हणाले, "असल्या हातांनी लोकांच्या गाड्या उघडतोस?" मी तिथेच होते. वर्षभराने गॅरेज सोडताना तुम्ही आईला म्हणालात, "माझ्या हाताचा मलाच भरवसा राहिला नाही." तेव्हाही मी दारात उभी होते. एकोणीस वर्षं मी धरून चालले होते, की मनातून तुम्हाला ठाऊक असणार, मला वाचवायला तुम्ही तसं लिहिलंत. पान्यांचं ऐकलं आणि समजलं, तुम्हाला खरंच तसं वाटत होतं.

काल बाबांना सांगितलं. ते रेडिएटर धूत होते. नळ वाहत राहिला. मग म्हणाले, "त्याला कळवलंस?" म्हटलं, लिहिते. "लिही. आणि लिही, की मी..." पुढचं ते बोलले नाहीत, म्हणून मीही भरत नाही.

वहीतल्या पानाला हात लावलेला नाही. शेजारी माझ्या सहीची चिठ्ठी चिकटवली आहे. तुमचा नियम तुम्ही एकदाच मोडलात, काका. वाटलेलं डावीकडे लिहिलंत.

आता एक विचारायचं आहे. डॅशबोर्डखालच्या फटीत जुन्या काचेचे तुकडे अजून आहेत, मी टॉर्चने पाहिले. एखाद्यावर ठिपके असतील तर? सहा असतील तर? पण त्यासाठी ही नोव्हेंबरची काच न फोडता काढावी लागेल. मला ते जमणार नाही, बाबांनाही नाही. तसा हात आपल्या घरात एकच आहे. मी गाडी तशीच ठेवली आहे.

पाने इथले वापरा. न मोजता.

काच फोडणारी, तुमची
भिंग